तिसरा आग्रह

मिनाझू गावात सकाळ समुद्राकडून येते, पण घाईने येत नाही. आधी धक्क्याच्या भिंतीवर एक फिकट रेघ उमटते, पेजेवर साय धरावी तशी. मग तो उजेड मासळीबाजाराच्या पत्र्यावरून घसरतो, बंद दुकानांच्या फळ्या चाचपतो आणि चढाच्या गल्लीत शिरतो. गल्लीत चौदा घरे. दारातल्या कुंड्या, उलट्या घातलेल्या बादल्या, रात्रभर बाहेर राहिलेली एक छत्री, असे करीत तो एकेक पायरी वर सरकतो. कचऱ्याच्या वारी ढिगावर अंथरलेल्या निळ्या जाळीची सावली रस्त्यावर पडते, आणि जाळीबाहेर बसलेला कावळा काही क्षण सोन्याचा दिसतो. त्याला ते ठाऊक नसते. तो माशाच्या डोक्याचा विचार करीत असतो. शेवटी साडेसहाच्या सुमारास उजेड सर्वांत वरच्या, चौदाव्या घराच्या पूर्वेच्या खोलीपाशी पोहोचतो आणि तिथल्या कागदी सरकत्या दारांवर थांबतो. थांबतो हाच शब्द खरा. कागद ओंजळीसारखा भरत जातो, लाकडी पट्ट्यांच्या सावल्या चटईवर आखीव वहीसारख्या उतरतात, आणि त्या वहीत अजून कोणीच काही लिहिलेले नाही, असे पाहणाऱ्याला वाटते.

पाहणारा म्हणजे मिनेओ उत्सुगी. वय बेचाळीस, नगरकचेरीत रहिवासी-नोंदणीच्या खिडकीवर कारकून. बारा वर्षे तो हा उजेड पाहत आला होता, आणि याविषयी कोणाशी तरी बोलावे असे त्याला रोज वाटे. एकदा तो बोललाही होता. "आज उजेड फार सुंदर आहे," असे त्याने पत्नीला, चिसातोला, सांगितले होते. "मग गाद्या उन्हात घाला," असे उत्तर आले होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या उजेडाला दाद देणारे कोणीतरी भेटले. कुझेबाई या तोक्योच्या चित्रपट-दिग्दर्शिका. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आणि बोलणे असे की शब्दांचे रेशन अजून उठलेलेच नसावे. पूर्वेच्या खोलीत त्या वीस मिनिटे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा हेर इथं राहील."

हेर चित्रपटातला. युद्धाचे तिसरे वर्ष. बंदरावरच्या या घरात एक गृहस्थ भाड्याने राहतो, औषधे विकतो, आणि खिडकीतून जहाजे मोजून तो आकडा बिनतारी यंत्रावरून शत्रूला कळवतो. एके सकाळी एक शेजारी गल्लीची फिरती पाटी घेऊन दारात येतो. पाटीवरच्या सूचनांच्या कागदांखाली चिठ्ठी असते: पळ. शेजारी एकच वाक्य बोलतो आणि निघून जातो.

"दोनच दिवसांचं काम आहे," कुझेबाईंचा सहायक मिनोवा कमरेत वाकून म्हणाला. गवंडी, दंतवैद्य आणि सिनेमावाले यांचा 'दोन दिवस' हा एक वेगळाच पंचांगातला काळ असतो, हे मिनेओला तेव्हा ठाऊक नव्हते.

"घर कशाला देताय पण?" त्या संध्याकाळी चिसातोने विचारले.

"गावासाठी. इतिहासाबद्दल माणसाला काही आस्था असावी."

"आणि केस कशाला कापून आलात? महिना कुठे झालाय?"

"डोळ्यांवर येत होते."

"कानांवरचेही?" चिसातो म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. न बोलण्यात तिचा हात धरणारे गल्लीत कोणी नव्हते.

चित्रीकरणाला चौदाही घरांची संमती हवी होती, आणि संमती म्हणजे फिरती पाटी. ही पाटी युद्धात होती, आजही आहे. तेव्हा तिच्यावर साखरेचे वाटप आणि 'अनोळखी माणसावर नजर ठेवा' अशा सूचना असत; आता नाल्याची सफाई आणि काचेच्या बाटल्या टाकण्याचा वार असतो. घराघराने वाचावे, सहीऐवजी शिक्का मारावा, शेजारी द्यावी. त्या वर्षी गल्लीची चिटणिशी मिनेओकडे होती, त्यामुळे पाटी घेऊन दारोदार जाणे ओघाने आलेच.

पहिले घर कुरामोची गुरुजींचे. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि गल्लीमंडळाचे अध्यक्ष. अडतीस वर्षे त्यांनी सकाळच्या प्रार्थनेला ध्वनिक्षेपकाविना भाषणे केली होती, आणि समोर चारशे मुले नाहीत ही गोष्ट त्यांच्या घशाला अजून कोणी कळवलेली नव्हती.

"हेर!" गुरुजी गरजले. "उत्तम! पण शेवटी पकडला जातो ना? गल्लीच्या नावाचा प्रश्न आहे!"

"निसटतो बहुधा."

"मग निदान आपल्या गल्लीतून निसटू नये. खालच्या गल्लीतून निसटावा. त्यांना चालतं."

सातव्या घरात तोमे आजी एकट्या राहत. वय ब्याऐंशी, नवरा न्हावी होता, त्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांनी संमतिपत्र चष्मा लावून दोनदा वाचले.

"देखणा आहे का रे?"

"कोण, आजी?"

"हेर."

"नट म्हणता? हो, देखणा आहे असं म्हणतात."

"मग दे इकडे, दोन शिक्के मारते."

हे एवढे सुरळीत झाल्यावर पाटी नाहीशी झाली. चार दिवस प्रत्येक घर 'आम्ही पुढं दिली' असे शपथेवर सांगत होते. अखेर ती तोमे आजींच्याच स्वयंपाकघरात, मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर, दगडाखाली सापडली. झाकण नीट दबत नव्हते म्हणे. संमतिपत्र पुढे नगरकचेरीत सात टेबलांवरून फिरले, आणि सातही टेबलांवर लोकांना अवेळी भूक लागली.

मग भेटी. आपल्या घरी गोंगाट होणार असेल तर आधी दारोदार जाऊन क्षमा मागावी आणि सोबत काही द्यावे, हे मिनाझूत तान्ह्या मुलालाही कळते. मिनेओने तेरा घरी तेरा टॉवेल दिले. तेरा घरांनी परतफेड केली: पर्सिमॉनची फळे, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, वाळवलेले मासे. ती परतफेड टॉवेलाहून जड असल्यामुळे मिनेओला पुन्हा काही देणे भाग पडले. ते जरा अधिकच झाल्यामुळे तेरा घरांनी पुन्हा पर्सिमॉन पाठवले. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या घरात बासष्ट पर्सिमॉन होते आणि बसायला जागा नव्हती. गल्लीत शांततेचा तह शेवटी चिसातोने केला. कसा, ते तिने सांगितले नाही, फक्त म्हणाली, "प्रत्येकीला सांगितलं की तुम्हाला पोटाचा त्रास आहे."

यानंतरचे प्रकरण लिहिताना मात्र लेखणी जरा सावरून धरावी लागते, कारण त्यात मिनेओची नोकरीतली सचोटी गुंतलेली आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता गावाच्या कर्ण्यांवरून मुलांनी घरी जावे म्हणून एक धून वाजते. ती एका दिवसापुरती थांबवावी असा अर्ज करणे आवश्यक होते. मिनेओने तो केला. योगायोग असा, की अर्ज घेणारा सहकारी रजेवर होता आणि ती खिडकी त्या आठवड्यात मिनेओकडेच होती. त्याने बाहेरच्या बाजूने अर्ज सरकवला, आत जाऊन खुर्चीत बसला, चष्मा लावला आणि पाहिले, तर अर्जदाराचा शिक्का वर्तुळाबाहेर केसभर गेलेला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. ओळखीच्या माणसाला सवलत देणे त्याने आजवर कटाक्षाने टाळले होते, आणि या माणसाला तर तो फारच जवळून ओळखत होता. त्याने अर्ज परत केला. नवा अर्ज दुसऱ्या दिवशी स्वीकारला गेला, आणि मंजुरी चित्रीकरण संपल्यावर नऊ दिवसांनी आली.

पण खरा घोटाळा झाला तो चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी, आणि तोही सौजन्यामुळे.

कुझेबाई गल्ली पाहत फिरत होत्या. मिनेओ पाटी घेऊन तोमे आजींच्या दारात उभा होता; लोणच्याच्या प्रकरणानंतर तो ती हातोहात देत असे.

"आजी, आज तुमच्याकडची पाळी. लवकर पुढं सरकवा."

हे वाक्य तो बारा वर्षे म्हणत आला होता. त्यात ना चढ ना उतार; पाऊस पडून गेल्यावर पन्हाळीतून पडणाऱ्या थेंबासारखे ते पडे आणि कोणी मान वर करून पाहत नसे. कुझेबाई मात्र जागच्या जागी थांबल्या.

"उत्सुगीसान, तो शेजारी तुम्ही कराल?"

मिनेओने पाटी छातीशी गच्च धरली.

"चार दिवस मी तुमच्या घरी येतेय," कुझेबाई म्हणाल्या, "आणि रोज मला वाटतं, तुम्ही मीटर बघायला आलेले गृहस्थ आहात. पाठ फिरवली की तुमचा चेहरा आठवतच नाही. असा चेहरा मी दोन वर्षं शोधतेय."

हा गौरव होता की अपमान, याचा निवाडा मिनेओ आजतागायत करू शकलेला नाही. परंतु निवाड्याला तिथे वेळच नव्हता. तिथे रीत उभी होती. मिनाझूत चांगली वस्तू कोणी पहिल्या फटक्यात घेत नाही. पहिला नकार हा संस्कार, दुसरा नकार ही नम्रता आणि तिसऱ्या वेळचा होकार हा नाइलाज, असा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका डॉक्टराने तोमे आजींना "गुडघ्यासाठी गोळ्या देऊ का?" असे एकदाच विचारले होते. आजी तीन आठवडे लंगडल्या, पण दुसऱ्यांदा न विचारणाऱ्याकडून त्यांनी गोळी घेतली नाही.

"छे छे," मिनेओ म्हणाला, "माझी काय योग्यता?"

"खरंच नाही करणार?"

"मी आपला खिडकीवरचा माणूस. भलतंच काहीतरी."

आणि त्याने तिसरे उत्तर तयार ठेवले. आधी एक सुस्कारा. मग मान खाजवणे. मग 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' हे शब्द, जरा हताशपणे. तोंड उघडलेही होते.

"बरं," कुझेबाई म्हणाल्या. "जबरदस्ती नाही."

त्या वळल्या आणि उतार उतरू लागल्या. मिनोवाने वहीत काहीतरी लिहिले. मिनेओने उघडलेल्या तोंडाची मोठ्या कौशल्याने जांभई केली. तोमे आजी दारातून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि बुडत्या जहाजाला पाहून टोप्या काढतात तसा त्यांनी चष्मा काढला.

"कितीदा विचारलं?" घरी चिसातोने विचारले. बातमी त्याच्या आधी पोहोचली होती.

"दोनदा."

"अगंबाई. दोनदाच?"

"मला करायचंच नव्हतं."

"बरं."

"खरंच करायचं नव्हतं. मी गावासाठी घर दिलंय."

"मी बरंच म्हणतेय ना," चिसातो म्हणाली, आणि त्याच्या भातावर आज एक लोणच्याची फोड जास्त ठेवली. ती करुणा त्याला असह्य झाली.

दुसऱ्या दिवशी ते काम कुरामोची गुरुजींना मिळाले. गुरुजींनी दोन्ही नकार एकाच श्वासात स्वतःच उरकले आणि तिसऱ्या आग्रहाची तसदी कोणाला न देता गल्लीच्या वतीने होकार दिला. संध्याकाळी ते मिनेओच्या दारात उभे.

"उत्सुगीसान, बाई म्हणाल्या की तुम्ही म्हणता तसं म्हणा. म्हणून दाखवा बघू."

स्वतःच्या हातून निसटलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालणे यापेक्षा हालाचे काम हेरगिरीच्या इतिहासातही सापडणार नाही. मिनेओने ते चाळीस वेळा म्हटले.

"आज तुमच्याकडची पाळी. लवकर पुढं सरकवा."

"आज! तुमच्याकडची! पाळी!"

"जरा हळू, गुरुजी."

"हळूच म्हणतोय. हे माझं हळू आहे."

अखेर चित्रीकरणाचा पहिला दिवस उजाडला. घरातले गेल्या ऐंशी वर्षांतले सगळे लपवले गेले. वातानुकूलन यंत्रावर वेताचे पडदे आले, शीतकपाट अंगणात गेले, आणि माणूस जवळून गेला की आदराने आपोआप उघडणारे संडासाचे झाकण दोरीने करकचून बांधले गेले. दुपारी काळे पडदे लावून बिनतारी यंत्राचा प्रसंग सुरू झाला. नट खरोखरच देखणा होता. कपाटात अंग चोरून बसलेला, कपाळावर घाम, बोट खटक्यावर. बाहेर पोलिसांची पावले. वीस माणसांनी श्वास रोखलेले. आणि त्या निःशब्दतेत भिंत गायला लागली. सात गोड सूर, आणि मागोमाग एका विनयशील स्त्रीचा आवाज: "आंघोळीचं पाणी तयार आहे."

"आलो," हेर म्हणाला, आणि उठलाच. सकाळपासून त्याचे पाय आखडले होते.

मिनेओने स्वयंपाकघरातली कळ बंद केली होती. न्हाणीघरातही एक कळ असते हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. तो इतका वाकला, की मिनोवालाही वाकावे लागले, आणि दोघांची डोकी आपटली. पाच वाजता कर्ण्यांवरची धून वाजली तेव्हा कुझेबाईंनी फक्त त्याच्याकडे पाहिले. शिक्क्याचा आणि वर्तुळाचा प्रश्न त्यांना समजावून सांगण्याचा धीर त्याला झाला नाही.

दुसरा दिवस पाटीच्या प्रसंगाचा. साडेसहा ते सात, कागदावर उजेड भरलेला असतानाच तो व्हायला हवा होता. गुरुजी जुन्या काळचा पोशाख करून उंबऱ्यात उभे राहिले. सगळी गल्ली दोरीपलीकडे जमली होती.

पहिल्या टेकला गुरुजी म्हणाले तसा निळ्या जाळीजवळचा कावळा उडाला आणि नटाच्या हातातला चहा सांडला. दुसऱ्या टेकला वाक्य झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्याकडे नजर टाकली, तो लक्ष देतोय की नाही हे पाहायला. तिसऱ्याला त्यांनी पाटी दिली आणि वाकले. हेर सवयीने वाकला. गुरुजी वयाने मोठे असून पुन्हा वाकले, तेव्हा हेराला आणखी खाली जाणे भाग पडले. आणि शत्रूचा हा अत्यंत धोकादायक हस्तक उंबऱ्यात कपाळ टेकून राहिला तो कॅमेऱ्यातली साठवण संपेपर्यंत.

"गुरुजी, वाकायचं नाही," मिनोवाने विनवले.

"वाकायचं नाही? पाटी देऊन? मी काय दरोडेखोर आहे?"

आठव्या टेकला आवाज चमत्कार व्हावा तसा हळू आला, वाक्य जमले, कुझेबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि गुरुजी पुढे म्हणाले, "शिवाय शनिवारी नाल्याची सफाई आहे, प्रत्येक घरातून एक माणूस."

"ते कशाला, गुरुजी?"

"पाटीवर लिहिलंय! वाचून न दाखवता कसं द्यायचं?"

अकराव्या टेकला गुरुजींचा आवाज बसला. बसला म्हणजे उरलाच नाही. अडतीस वर्षांत जे चारशे मुलांना जमले नाही ते एका वाक्याने केले. उजेड कागदावरून उतरून भिंतीवर गेला होता. हाती आता एकच सकाळ होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने सगळे सामान परत जायचे होते.

त्या दिवशी मिनोवा वही घेऊन दारोदार फिरला. त्याला शेजाऱ्याच्या कामासाठी माणूस हवा होता, आणि गर्दीसाठी म्हणूनही कोणी मिळत नव्हते. बारा घरांनी आठवड्यापूर्वीच नकार दिला होता. तोमे आजींच्या दारात तो पायरीवर बसला तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"आजी, तुमच्या गावात सिनेमाचा एवढा राग का आहे?"

"राग? कोणाला रे?"

"सगळे नाही म्हणाले. तुम्हीसुद्धा. दोनदा."

तोमे आजींनी सावकाश आपल्या अंगावर पाहिले. त्यांनी लग्नातला नव्हे, पण त्यानंतरचा सर्वांत चांगला किमोनो नेसलेला होता. आठवडाभर त्या तो रोज सकाळी नेसत आणि संध्याकाळी घडी घालून ठेवत होत्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचार की."

मिनोवा पांढरा पडला. त्याने वहीची पाने उलटली, उठला, आणि चढावर पळत सुटला. अर्ध्या तासात बाराही घरांतून माणसे बाहेर आली. पायांत लाकडी चपला, डोक्याला जुन्या पद्धतीचे रुमाल, एकाने तर आजोबांची युद्धकाळातली टोपी इस्त्री करून ठेवली होती. मग ज्ञान झालेल्या माणसाच्या उत्साहाने त्याने प्रत्येकाला शेजाऱ्याच्या कामाबद्दलही तीन-तीनदा विचारले. आणि इथे मात्र विलक्षण गोष्ट घडली. एकामागून एक बाराही जण तिसऱ्यांदाही नाही म्हणाले. चौथ्यांदा विचारल्यावर तोमे आजींनी काठी उचलली.

"ते काम ज्याचं आहे त्याला जाऊन विचार."

"उत्सुगीसान? पण बाई विचारू देणार नाहीत."

आणि खरेच, संध्याकाळी कुझेबाईंनी मान हलवली. हे मिनेओने स्वतःच्याच स्वयंपाकघरात, चहाचे तबक हातात घेऊन, दाराआडून ऐकले. स्वतः हेरगिरी करण्याचा हा त्याचा एकमेव प्रसंग. "मी कोणाला तिसऱ्यांदा विचारत नाही," त्या म्हणत होत्या. "एकदा एका माणसाला फार आग्रह करून उभं केलं होतं. तो सगळा वेळ माझ्याकडे मार खाल्ल्यासारखा बघत होता. नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्यावं." हे म्हणताना त्यांचा आवाज प्रथमच मऊ झाला होता, आणि त्यामुळेच मिनेओला त्यांच्यावर रागावताही येईना. ही बाई त्याची अब्रू राखत होती. त्याची अब्रू चहूबाजूंनी इतकी नीट राखली गेली होती, की आत तो गुदमरत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळ समुद्राकडून आली. सव्वासहापासून गल्ली उभी होती. किमोनो, रुमाल, टोपी, आणि गळ्याला ओला टॉवेल गुंडाळलेले मुके गुरुजी. हेर पूर्वेच्या खोलीत बसला. कागद भरू लागला. उंबरा रिकामा होता.

मिनेओ दाराबाहेर, कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशी चहाचे तबक घेऊन उभा होता. त्याने मनाशी स्वच्छ विचार केला. आपण घर दिले, कर्तव्य झाले. नोकरदार माणसाने उंबऱ्यात उभे राहून कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवावे हे बरे नव्हे. उद्या खिडकीवर लोक हसतील. शिवाय तो चेहरा, कोणालाच न आठवणारा. या सर्व विचारांमध्ये एकही चूक नव्हती, आणि तरीही ते त्याला परत आलेल्या अर्जासारखे वाटत होते. सगळे जागच्या जागी, फक्त शिक्का केसभर बाहेर.

"प्रसंग गाळू," कुझेबाई म्हणाल्या. "हेराला चिठ्ठी नुसती दाराखाली सापडेल. मिनोवा, आवरा."

कोणीतरी तारा गुंडाळू लागले. गल्लीतून एक सुस्कारा चढत वर आला. गुरुजींनी मिनेओकडे पाहून हातवारे केले, ओठ हलवले, छातीवर मूठ मारली. इतके प्रभावी भाषण त्यांनी आयुष्यात केले नव्हते. चिसातोने काहीच केले नाही. तिने फक्त त्याच्या हातातले चहाचे तबक काढून घेतले, त्यामुळे त्याचे हात एकाएकी मोकळे झाले आणि त्यांचे काय करावे ते त्याला कळेना.

तो तीन पावले चालला. दोरी ओलांडताना तिच्यात पाय अडकला, पिंपावरचे ओगराळे खाली पडून घरंगळत उतारावर गेले, आणि तेरा घरांच्या डोळ्यांदेखत रहिवासी-नोंदणीचा कारकून आपल्याच उंबऱ्यात गुडघ्यावर येऊन थांबला.

कुझेबाई वळल्या. आधी त्यांनी त्याला ओळखले नाही. मग ओळखले.

"लागलं का, उत्सुगीसान?"

"नाही."

"काही हवंय का?"

छे छे, असे शब्द त्याच्या जिभेवर आपोआप आले. पिढ्यानुपिढ्या तिथे येऊन बसत आले होते तसे. माझी काय योग्यता, हेही मागून आले. गल्लीने श्वास रोखला. तोमे आजी काठीवर पुढे झुकल्या. मिनेओने ते दोन्ही नकार गिळले, गुडघ्यावरची धूळ न झटकता उभा राहिला, आणि चढ नाही उतार नाही अशा आपल्या आवाजात, खिडकीवर पत्ता सांगावा तसे म्हणाला,

"मला हे काम करायचं आहे. पहिल्या दिवसापासून करायचं होतं."